पातळी

हांडेवाडीच्या भरणा पॉइंटवर माझा नंबर सतरावा.
पहाटेचे पावणेचार. पुढे सोळा टँकर,
सोळा केबिनींत सोळा निळे उजेड,
आणि मी, दस्तगीर मुलाणी, मूळचा सांगोल्याकडचा,
समुद्र अजून पाहिलेला नाही,
समुद्राच्या तळाशी बसून
शिंपल्याला शिंपला लावतोय.

गेम आफरीनने टाकून दिला.
म्हणाली, अब्बा, तीन सारखे आले की फुटतात.
एवढंच सांगून शाळेत गेली.
बाकीचं माझं मला हळूहळू कळलं:
बुडबुडा वर जातो, शिंपला खाली बसतो,
तारामासा मध्येच कुठेतरी गिरक्या घेतो,
आणि एकाला धक्का दिला
की तिसऱ्याच कोपऱ्यातला दगड घरंगळतो.
पोरं अशा वेळी काचेवर बोटं आपटतात.
मी नाही आपटत.
अकरा वर्षं दहा हजार लिटर पाठीवर घेऊन फिरलोय.
ब्रेक मारला की गाडी थांबते,
पाणी थांबत नाही.
ते एक श्वास उशिरा येतं, मागून,
खांद्याने ढकलतं.
उंड्रीच्या उतारावर अर्धी भरलेली टाकी
भरलेल्या टाकीपेक्षा वाईट.
म्हणून थांबायचं. बसू द्यायचं सगळं.
दोनशे बारा लेव्हल मी
बहुतेक काहीच न करता जिंकल्यात.

दोनशे तेरावी अडली.
तीन मोती हवेत, दोन आले, चाल एकच उरली.
तेवढ्यात पाइप आला.
मोबाइल तसाच चालू, वरच्या खिशात.
शिडी चढलो, झाकण उघडलं, वाकलो
पातळी बघायला
आणि खिसा हलका झाला.

डुबुक्.
एवढाच आवाज.

आधी शिवी दिली.
मग गुडघे टेकून पाहत राहिलो.
उजेड डुलत डुलत खाली चाललेला,
पिंपळाचं पान गळावं तसा, इकडून तिकडे,
काळ्या पाण्यात एक निळं पाणी,
त्यात मासे, मोती, सगळं जागच्या जागी,
आणि ते टुंग टुंग संगीत
पत्र्यातून माझ्या गुडघ्यांना ऐकू आलं.
तळाला टेकला. थोडा वेळ तेवला.
त्या शेवटच्या चालीचं काय झालं
ते पाण्यालाच माहीत.

मागच्याने हॉर्न दाबून धरला.

एनआयबीएम रोडपर्यंत दर वळणाला
ठण्.
डावीकडे वळलो की उजवीकडे ठण्.
मी आणखी सावकाश चालवली,
जसं काही आत कुणी झोपलंय.

सोसायटीच्या रजिस्टरवर सही केली: टँकर एक.
वॉचमन डोंगरेने रोजचं विचारलं,
पाणी चांगलंय ना?
म्हटलं, समुद्राचं आहे.
तो हसला नाही, वेळ लिहिली, ५.४०.
अर्धा तास पाणी जमिनीखाली जात राहिलं.
वर नवव्या मजल्यावर दिवा लागला,
कुणाची तरी आंघोळीची घाई.

मग अनवाणी उतरलो रिकाम्या टाकीत.
घोटाभर गाळ. गंजाचा वास.
खोकलो तर तीन माणसं खोकली.
चाचपत गेलो. आधी मोबाइल लागला.
त्याच्या पलीकडे तेरा-चौदाचा पाना,
जो मी दिवाळीपासून शोधत होतो
आणि ज्याच्यावरून मेहबूबला नको ते बोललो होतो.
आणि एक हिरवी गोटी. ती कुणाची, कुठल्या विहिरीतून आली,
काही कल्पना नाही.

झाकणातून पडलेल्या गोल उजेडात
तिन्ही एका ओळीत ठेवल्या.
सवय, दुसरं काय.
वाट पाहिली थोडी.
एकही दुसऱ्यासारखं नव्हतं,
काहीच फुटलं नाही.

म्हटलं, मेहबूबला आत्ताच फोन करावा,
पाना सापडला म्हणून सांगावं.
फोन हातातच होता,
गाळ गळत.