सहल, इयत्ता आठवी ब

खडूनं भिंतीवर खूण केली मी,
फरशीपासून सत्तर सेंटिमीटर :
हा आपला नाशिकचा पाऊस, वर्षभराचा.
सानिकाच्या कमरेलाही लागला नाही.
मग सगळ्यांना मैदानात आणलं,
वरच्या गच्चीचा कठडा दाखवला :
आणि हा आगुंब्याचा.
बेचाळीस माना, बराच वेळ वरच.
कुणीतरी म्हणालं,
मॅडम, मग तिथली पोरं पोहत शाळेत जातात?

एवढ्यावरून सहल ठरली.

म्हणजे ठरली नव्हती.
खैरनार सर म्हणाले, जंगलच ना?
मग त्र्यंबक रस्त्याला काय झालं?
सकाळी न्या, संध्याकाळी आणा.
मी म्हटलं, सर, सदाहरित.
ते म्हणाले, खर्चही सदाहरितच आहे, बोरस्ते बाई.

तीन बसवाल्यांची कोटेशनं.
परवानगीचा अर्ज, तीन प्रतींत.
विमा. मुलींसोबत अजून एक बाई.
मुक्कामाच्या माणसाला फोन : तो कानडी, मी मराठी,
मधे हिंदी, दोघांचीही मोडकी.
जळवा?
डिसेंबरात कमी, म्हणाला, आणि घाबरू नका,
पोट भरलं की आपण होऊन गळतात.
मला संस्थेचे एकदोन पदाधिकारी आठवले, जे गळत नाहीत.
वहीत फक्त लिहिलं : मीठ, दोन किलो.

एकोणीस वर्षं मी फळ्यावर तीच आकृती काढते.
सगळ्यांत वर छत्रीसारखी झाडं,
मधे वेली,
तळाला अंधार.
अंधारासाठी खडू आडवा धरते, घासत नेते.
पांढऱ्या खडूनं अंधार काढतोय
हे कधी खटकलं नाही.
ते जंगल मी पाहिलेलं नाही.
हे आठवी ब ला माहीत नाही.

संमतीपत्रं आली.
एकीच्या आईनं खाली लिहिलंय, हिला उलटी होते, खिडकी द्यावी.
एकात दोनशेच्या तीन नोटा,
बाकी कंपनीचा पगार झाल्यावर.
अकील तडवीचं कोरं.

शनिवारी त्याचे वडील आले,
ट्रक सातपूरच्या चौकात लावून,
चपला दाराबाहेर काढून.
पैशाचं नाही बाई, म्हणाले, रस्त्याचं आहे.
अकरा वर्षं लाकूड वाहिलंय त्या घाटातून.
रात्रीच निघायचो.
जंगल म्हणजे हेडलाइटमध्ये येईल तेवढं,
आणि मागं, दोरखंडाखाली, बाकीचं.

संमतीपत्र उलटं केलं,
माझ्याच लाल पेनानं घाट काढला.
इथं लांब गाडी एका दमात वळत नाही,
एकदा मागं घ्यावी लागते,
तेव्हा पोरांना मागच्या काचेतून बघू देऊ नका.
इथं चहा बरा मिळतो.
इथं धुकं. वायपर मारून उपयोग नाही,
थांबायचं.
ड्रायव्हर कोण आहे? हा घाट मारलाय त्यानं?
माझ्या तिन्ही कोटेशनांत एसी होता, पुश-बॅक सीट होती,
एकात सिनेमाही होता.
हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

सही कुठं करू, म्हणून त्यांनी कागद फिरवला,
पुन्हा फिरवला.
हा ड्रायव्हरला द्या, म्हणाले,
मला दुसरा कोरा द्या.
केली सही. चपला घालताना,
पाठमोरेच :
दिवसा कसं दिसतं ते अकीलला लिहून आणायला लावा.
घरी काही सांगत नाही तो.

सोमवारी पाचवा तास.
छत्रीसारखी झाडं काढली, वेली काढल्या.
मॅडम, तळाचं राहिलं, सानिका म्हणाली.
मी खडू खाली ठेवला.
फळा तिथं काळाच होता.