तपकिरीची आंघोळ

तपकीर हे तिचं नाव, रंगावरून पडलेलं.
निपाणीत अशा मांजराला दुसरं काय म्हणणार?
काल रात्री ती वखारीच्या पत्र्याखालून आत गेली
आणि पहाटे परतली
ती अंगभर भुकटी घेऊन,
मिशांवर, पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी,
जणू नावाला जागली.

एरवी मांजराला कोण आंघोळ घालतं!
ती स्वतःला धुते, जिभेनं, दिवसभर.
पण आज ती जीभच नको होती मला.
जनावरांचे डॉक्टर चौगुले फोनवर म्हणाले, चाटू देऊ नका,
पोटात गेली तर जड जाईल.
तिला पंचात गुंडाळून आणली, तर
उंबऱ्यावरून आई:
"कामावरनं आली व्हय गं बया?"

तोवर पलीकडून नीलव्वा आली, पदर खोचून.
ती म्हणते बा बा, मी म्हणते ये ये.
तपकिरीला दोन्ही भाषा कळतात
आणि दोन्हींत ती येत नाही.

आधी कोरडीच विंचरली,
झडेल तेवढी भुकटी पेपरावर झडू दिली.
नखं परवाच कापलेली, नशीब.
न्हाणीचं दार लावलं, झरोक्यात फडकं कोंबलं.
घमेल्याच्या तळाशी ओलं पोतं,
कारण पाय सरकला की मांजराचा धीर सुटतो
आणि मग ती तुमचं झाड करते.
पाणी कोपरानं बघितलं.
ऊनही नाही, गारही नाही,
कोपराला कळलंच नाही, म्हणजे बरोबर.
नळ नाही सोडला. तांब्यानं, मानेपासून मागं,
डोक्यावर एक थेंब नाही,
तोंड नुसतं फडक्यानं, कान तर शिवलेच नाहीत.
डॉक्टरांच्या बाटलीतलं टोपणभर;
आपला अंगाचा साबण तिच्या कातडीला नव्हे.

पहिल्या तांब्याचं पाणी काळपट.
दुसऱ्याचं चहासारखं.
नीलव्वा म्हणाली साकु, साकु.
मी म्हटलं, अजून एक.

ते पाणी मोरीकडं निघालं
आणि मी त्याला ओळखलं.

हेच पाणी रोज दिवस मावळताना
ह्याच मोरीतून जायचं.
आम्ही तिघं दारात, आणि आई लांबूनच हात करायची,
थांबा, शिवू नका.
आधी कोपरापर्यंत, मग मान, मग लुगडं बादलीत.
गार पाणी. जळण भाकरीपुरतंच असायचं.
धाकट्याला अंगावर घ्यायच्या आधी
छाती दोनदा धुवायची, पौषातसुद्धा.
तरी गोधडीला वास असायचाच.
आम्हांला तो आईचा वाटायचा.

"मला कुणी कोपरानं पाणी बघून दिलं न्हाई बघ."
तक्रार नव्हती,
मेथीच्या पेंडीचा भाव सांगावा तशी बोलली.
मला उत्तर सुचलं नाही.
तपकीर ओरडत होती, तेवढं पुरलं.

ओली तपकीर अर्धीच उरली,
म्हणजे एवढे दिवस आम्ही बहुतेक केसच पाळत होतो.
तीन जुने पंचे; चोळायचं नाही, टिपायचं.
मग पायरीवरच्या उन्हात आईच्या मांडीवर.
आई तिच्या कानामागं एक बोट फिरवत राहिली,
त्या बोटाची कड अजून पिवळी.
"वास गेला का बघ तू," म्हणाली,
"माझं नाक वखारीतच ऱ्हायलं."
मी वाकले.
नाक मांजरापर्यंत पोचायच्या आत
आईचा पदर मध्ये आला.
"गेला," मी म्हटलं.

दिवे लागले तेव्हा तपकीर
पुन्हा वखारीच्या पत्र्यावर,
फुगलेली, लख्ख, लग्नाला निघाल्यासारखी.
मी ये ये केलं. नीलव्वानं बा बा केलं.
आई आतूनच म्हणाली,
"बोंबलताय कशाला?
हजेरी मांडायची असंल तिची."