मंगळवारी दहा वाजता

पॅनलसमोर तीन फूट जागा मोकळी हवी,
असं विमावाल्यांच्या कागदावर लिहिलंय.
तीन फुटांत काय काय मावतं
ते आज सकाळी कळलं :
बर्फात चालायच्या जाळीच्या बुटांचे दोन जोड,
जॅमच्या रिकाम्या बरण्या, गोठलेल्या तळ्यावर
मासे धरायला न्यायचा तंबू (उंदरांनी कुरतडलेला),
आणि एक पाळणा,
कुणाला तरी द्यायचा म्हणून खाली आणलेला,
मग दिलाच नाही.
सगळं भट्टीपलीकडे सरकवलं.
सरकवणं म्हणजे आवरणं नव्हे, ठाऊक आहे मला.
कागदाला तेवढं पुरतं.

हॅनकॉक गाव. नोव्हेंबर. चार वाजताच अंधार.
याच गावाच्या पोटातून माणसांनी
शंभरेक वर्षं तांबं उपसलं, रेल्वेनं पाठवून दिलं.
त्यातलंच एखादं वेटोळं
जगभर हिंडून माझ्या भिंतीत परत आलं असेल,
असं मी धरून चालते.
शेजारचा रुडी सालो म्हणतो, छे, ते चिलीचं.

रुडीनं चाळीस वर्षं हेच काम केलं.
आता गुडघे गेलेत, म्हणून स्टुलावर बसून बोलतो :
मेन पाडला तरी वरच्या दोन जाड तारा
जिवंतच असतात, तिकडे बोट न्यायचं नाही.
हे तीनदा सांगितलं.
चौथ्यांदा मीच त्याला सांगितलं.
एका स्क्रूखाली दोन तारा दिसल्या
तेव्हा मात्र तो खरंच दुखावला.
"एका खुंट्याला दोन गायी बांधशील का, ऐला?"
खालच्या कोपऱ्यातलं उघडं भोक
मी बोटानं झाकून दाखवलं.
"बोट नाही चालत. झाकण मिळतं, एका डॉलरच्या आत."

मग तो खाली, मी वर.
"गेला?"
"गेला!"
"आता?"
"आला!"
वीस ब्रेकर, सगळ्या खोल्या, जिने.
या घरात इतक्या मोठ्यानं
तीन वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

दाराच्या आतल्या बाजूची जुनी यादी
माझ्याच अक्षरातली, पेन्सिलीनं :
टोबीची खोली.
आईचं शिवणयंत्र.
ऑस्करचं वर्कशॉप.
रुडीनं चष्मा कपाळावर ढकलला.
"नावं चालत नाहीत. नियम आहे.
राहणारं माणूस बदललं की खोटं ठरेल
असं काही लिहायचं नाही."
मी म्हटलं, नियम कुणी केला?
तो म्हणाला, "ज्यांच्याकडची माणसं बदलली त्यांनी."

म्हणून आता शाईनं, ठळक :
वरचा मजला, पूर्वेची बेडरूम.
तळमजला, खिडकीखालचा सॉकेट.
गॅरेज, मागची भिंत.
(ऑस्कर मार्केटला असतो.
त्या बाईच्या घराचं वायरिंग नवं आहे म्हणे.)

चौदा नंबर काही केल्या सापडेना.
पाडला तरी घरातलं काहीच विझत नाही.
"मोकळा म्हणून लिहू?"
"तार जोडलीय ना? मग मोकळा कसा?"
असं म्हणून रुडी जेवायला गेला.

अंधार पडल्यावर टेस्टर घेऊन बाहेर निघाले.
सौनाच्या भिंतीला नाही. कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यात नाही.
गाडीवाटेच्या कडेला
कमरेइतक्या बर्फात एक खांब,
त्यावर लहानसं झाकण.
हातमोज्यानं बर्फ उकरला, टेस्टर टेकवला,
आणि तो लाल झाला.

टोबीच्या पहिल्या गाडीसाठी बसवलेला.
हिवाळ्याच्या रात्री इंजिन गरम राहावं,
सकाळी सातला कामावर निघता यावं म्हणून.
इतकी वर्षं बर्फाखाली
काहीच गरम न करता जागा राहिलेला.

लिहिलं : अंगण, खांबावरचा सॉकेट.
आणि ब्रेकर चालूच ठेवला.
पारा उणे वीसवर उतरतो,
त्या रात्री कुणी गाडी उभी केलीच, तर.

बाकी सगळं झालं. झाकण बसवलं,
सहाच्या सहा स्क्रू, एकही हरवला नाही.
उद्या दहाला इन्स्पेक्टर पेल्कोनन येईल.
त्याला बूट काढायला सांगायचं की नाही,
एवढंच अजून ठरत नाहीये.