चिखलाची तीथ

हिवाळ्यात शिवडीच्या जेट्टीवर गर्दी होते.
लांब नळ्यांचे कॅमेरे घेऊन माणसं येतात
गुलाबी पक्ष्यांसाठी.
मी पक्ष्यांकडे पाठ करून बसतो.
गुलाबी सोपा आहे.
ट्यूबमधून निघेल तसा फासला तरी लोक वा म्हणतात.
मला अडलाय त्यांच्या पायाखालचा रंग,
ज्याला दुकानात नाव नाही.

तीस वर्षं पाट्या रंगवल्या मी.
हर्षल ड्रायक्लीनर्स, येथे थुंकू नये,
ट्रकमागचा मोर,
एका दवाखान्यासाठी डोळा, एवढा मोठा
की पापण्यांना शिडी लावावी लागली.
मग छापील फ्लेक्स आले
आणि माझ्या हातातले ब्रश
नुसते केस बांधलेल्या काड्या झाले.

त्या दिवसांत इथे यायला लागलो,
काम नव्हतं म्हणून. प्रेरणा वगैरे नाही.
प्रेरणा हा शब्द मला अजूनही
सत्कारातल्या शालीसारखा वाटतो,
खांद्यावरून घसरत राहतो.

पहिली चित्रं सरळ होती.
वर आभाळ, मधे माहूलची धुरांडी,
खाली तपकिरीत काळा कालवून चिखल.
हात पाटीवाल्याचा, सफाईदार.
कालवं फोडून परतणारी धुरपदाबाय थांबली,
पाय गुडघ्यापर्यंत त्याच रंगाचे.
बराच वेळ बघून म्हणाली,
"चांगला हाय. पन ह्यो चिखल कंच्या तिथीचा?"

मी हसलो.
ती हसली नाही.
भांगाचा चिखल, म्हणाली, आळशी असतो,
पाणी धड लांब जात नाही, धड जवळ येत नाही,
त्याच्यावर साय धरते.
अवसेला मात्र तो पार लांबवर उघडा पडतो,
आन मंग लाजल्यावानी चमकतो.
"तुजा तं भिंतीचा गिलावा झालाय."

चित्र मी फाडलं नाही.
त्याच्यावरच डबा ठेवून जेवलो.
घरी जाताना पंचांग घेतलं,
ते आता रंगांच्या पेटीत असतं,
पांढऱ्याच्या खाली, डागाळलेलं.

निवटी शेपटीने ओल्या चिखलावर रेघ ओढते
आणि मागे वळून पाहत नाही.
मला ते जमत नाही.
मी प्रत्येक रेघेनंतर मान तिरकी करतो,
कुणी बघतंय का ते बघतो.
निसर्गाकडून शिकायचं म्हणजे काय,
तर एवढंच असावं बहुतेक,
ही मान सरळ करणं.
बाकी तो काही शिकवत बसत नाही.
त्याला सहा तासांत सगळं पुसायचं असतं.

आणि एक सांगायचं राहिलं.
सगळ्यात सुंदर रंग मला दिसला तो
तेलाच्या तवंगात,
तिवरांच्या मुळांशी,
जिथे एक चिंबोरी उलटी पडली होती.
जांभळा, त्याच्या आत हिरवा, त्याच्याही आत
काहीतरी सोनेरी, सरकणारं.
मी काढला तो. हात थरथरला नाही
याची लाज वाटली, ती अजून आहे.
ते चित्र विकत नाही, दाखवतही नाही,
पण पुसलंही नाही.

नवा पूल झाल्यापासून
धुरपदाबाय कमी दिसते.
कालवं मिळत नाहीत, गुडघे दुखतात,
यातलं आधी कुठलं, ती सांगत नाही.
परवा आली, लेकाच्या स्कूटरवरून,
उतरली नाही, मागे बसूनच म्हणाली, दाव.
मी कागद उंच धरला.
वाऱ्याने फडफडला, दोन्ही हातांनी ताणला.

"नवमी," ती म्हणाली.

अष्टमीला बसलो होतो मी. तेच सांगणार होतो.
मग आठवलं, पाणी आलं म्हणून उठलो होतो
आणि खालचा कोपरा
दुसऱ्या दिवशी भरला होता.

स्कूटर सुरू झाली.
जाताजाता तिने विचारलं ते
इंजिनच्या आवाजात अर्धं ऐकू आलं,
सकाळचं की सांजचं, असं काहीतरी.
मी उभाच राहिलो कागद धरून.
खरंच, उजेड कुठून येतोय
ते मी कुठे ठरवलं होतं?