तिसरा बर्नर

तीस वर्षं उद्यमबागच्या फौंड्रीत
साचे भरले भावकाण्णा मुतगेकरनं.
आता अनगोळ नाक्यावर ग्रिल लावतो,
जाळी त्यानं स्वतःच ओतलेली.
रोज अर्धा कांदा फिरवतो तिच्यावर,
मग तेलाचं फडकं.
पाइपला साबणाचं पाणी,
बुडबुडा आला नाही तरच कॉक उघडतो.

काल, श्रावण सरल्यावर पहिल्यांदाच पेटवलं,
तर तिसरा बर्नर पिवळा.
पिवळी ज्योत मांसाला काजळी लावते.
सळया भरलेल्या, चार गिऱ्हाईकं उभी,
दोघांची घाई मराठीत, दोघांची कन्नडात.
"स्वल्प तडी की ओ," चौघांनाही म्हणाला
आणि कॉक बंद.

नळी निवेस्तोवर उकिडवा बसून राहिला.
सायकलच्या तारेनं हवेच्या तोंडाशी टोकरलं:
गंज नव्हे, चरबी नव्हे,
कापसासारखं काहीतरी, मऊ.
कोळ्याचं घर.
महिनाभर आपलं दुकान बंद होतं,
त्याचं चालू होतं.

साच्यातली वाळू सारखी करायची ती बोटं.
त्यांनीच ते पुंजकं उचललं,
करंजाच्या बुंध्याला नेऊन चिकटवलं.
एक गिऱ्हाईक हसलं.

मग काडी ओढली.
निळी रांग, शेवटच्या भोकापर्यंत.

"हां, बोला आता. तिखट किती?"