हितं दमलायसा

उद्यमनगरात, लेथच्या शेडवरची खोली.
घरमालकानं विचारलं, क्लास काढणार?
म्हटलं, नाही, कागद काळे करणार.
तो हसला. भाडं तेवढंच राहिलं.

चार बाय सहा फुटांचा कागद, सहा-बी पेन्सिल.
बोटभर रेघ. तिला खेटून बोटभर रेघ.
कडेला पोचलं की पुन्हा डावीकडून.
पहिल्या थरात कागदाची खरखर हाताला कळते,
तिसऱ्यात ती बुजते,
पाचव्यात सगळं तव्याच्या बुडासारखं चकाकायला लागतं
आणि पेन्सिल घसरते.
मग पॉलिशपेपर घासायचा. मग सहावा.
नखातलं ग्रॅफाइट भाकरीत उतरतं.
आई म्हणते, एखादं तांबडं काढ की गं,
मिरजेच्या मावशीला देऊया.

टाकीचा कॉक बघायला दस्तगीर शिकलगार आला.
मागच्या गल्लीतल्या फौंड्रीत एकतीस वर्षं
काळ्या वाळूत ठोकणी मारतो:
पेटी भरायची, ठोकायची, उलटायची, भरायची.
पाना हातात धरून तो कागदापुढं थांबला.
हे काय आहे, असं त्यानं विचारलं नाही.
विजारीला हात पुसले, विजारही तसलीच,
आणि म्हणाला, हात लावू का?

अंगठा वरून खाली आला, सावकाश,
साच्याची भिंत तपासावी तसा.
खालच्या कोपऱ्याच्या वीतभर आधी थांबला.
"हितं दमलायसा."

त्या रात्री आईची साखर एकदम उतरली होती.
सीपीआरमधून दोनला परत आले,
झोप येईना म्हणून रेघा ओढल्या.
सकाळी बऱ्या वाटल्या होत्या.
हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"साच्यात अशी मऊ जागा ऱ्हायली की माल फुगतोय.
पेटी असती तर मोडून पुन्हा भरली असती."
मोडू?
त्यानं जरा विचार केला.
"ह्यात काय वतायचं हाय?"
काही नाही.
"मग ऱ्हाऊ दे."

रेशनच्या मशीनला त्याचा अंगठा ओळखू येत नाही.
वाळूनं रेघा कधीच खाल्ल्या.
म्हणून कागदावर ठसा उमटला नाही,
नुसता एक गुळगुळीत पट्टा,
माझ्या सगळ्या रेघांतून आरपार.
चारच्या उन्हात तेवढाच दिसतो.

सातवा थर मी त्याच्या कडेकडेनं घेते आहे.

कॉक अजून गळतोय.