जोडी पारखताना

पंचवीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर.
बैलजोडी कशी घ्यावी, मला झोपेतून उठवून विचारा:
दात बघा, खूर बघा, खांद्यावर हात फिरवा,
आणि थोडं चालवा. सडकेवर नाही, चिखलात.

पण आर्णीला मुनाफ मिस्त्रीच्या गाळ्यात
चार जोड्या उभ्या होत्या लाकडी खोक्यांच्या,
आणि खिशात साडेचार हजार,
अंगठ्यानं तीनदा मोजलेले.

पहिली सागवानी. पॉलिश ताजं,
जाळीचं कापड नवरदेवाच्या फेट्यासारखं कोरं.
मी तिच्यापुढेच थांबलो. कोणीही थांबलं असतं.
मुनाफभाई बशीत चहा ओतत होते.
"जाळी काढून पाय," म्हणाले,
"झूल पाहून बैल घेते का कोनी?"

आत कोनभोवती फोमची कड.
बोट लावलं, तर बोटालाच आली,
काळी, चिकट, भिजल्या राखेसारखी.

दुसरी जोडी जोडीच नव्हती.
मागची पाटी वाचली: एक आठ ओहमचा, एक चारचा.
"दोघा भावांनी मंडपाचा धंदा वाटून घेतला,
हरेक जोडीतला एकेक.
मंग दोघंही माह्याकडे इकून गेले,
पन येगयेगळ्या जोडीतले."
हे सांगताना ते हसले नाहीत.

तिसरीचा कोन मी दोन्ही अंगठ्यांनी
अलगद आत दाबला, त्यांनी दाखवला तसा.
आत काहीतरी घासलं. खर्र.
हा आवाज मला माहीत आहे,
तार गिळलेली गाय उतारावर असंच कण्हते.
मी हात काढून घेतला.

चौथी कोपऱ्यात, पंख्याच्या पात्यांखाली.
एक कोपरा उंदरानं कुरतडलेला,
पाठीवर पांढऱ्या रंगात 'वाचनालय, नग २'.
कोन कागदाचा, कड कापडाची, शाबूत.
फुगलेल्या म्हशीच्या डाव्या कुशीवर मारतो
तशी खोक्यावर टिचकी मारली:
भरीव. पोटात वारा नाही.
मुनाफभाईंनी सेलच्या तारा टेकवल्या
एकदा याला, एकदा त्याला,
आणि दोन्ही कोन पुढे सरकले सारखेच,
जुवाखाली मान घालावी तसे.

मी पिशवीतून कॅसेट काढली,
गावातल्या दंडारीची, शहाण्णव सालची,
भगत मास्तरांनी ओट्यावर टेप ठेवून भरलेली.
"मोठा आवाज सोड," ते म्हणाले,
"मोठा तर पत्र्याचा डबाही देते.
बारीक काय आयकू येते, ते पाय."
तेवढ्यात लाईट गेली.
अर्धा तास दोघं बसून राहिलो.
लाईट आली नाही.
बत्तीसशे म्हणाले, मी अठ्ठावीसशे,
आणि न ऐकताच जोडी बांधली.

एसटीत कंडक्टरनं लगेज फाडलं दोन्हींचं.

घरी लावली, तर ढोलकी बसली नाही कुठेच,
गाणारे जणू विहिरीच्या पलीकडून.
फसलो, म्हटलं. फोन केला.
"एकाची लाल-काळी उलटी झाली असन, बापू."
झाली होती. सुलटी केली,
आणि मंडळी भिंत सोडून
खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली.
आबाजी मडावीचा श्वास ऐकू आला,
ओळ उचलण्याआधी घेतलेला.
एवढी वर्षं हीच कॅसेट वाजवतोय,
हा श्वास कुठे होता?

मग ढोलकी थांबली,
आणि उजवीकडे, लांब, अगदी बारीक
घाटी वाजली. पुन्हा वाजली.

स्वयंपाकघरातून वच्छला बाहेर आली
पिठाच्या हातानं.
"कोनाचा बैल सुटला जी?"
बॅटरी घेऊन अंगणात गेली, दावणीकडे.

आमची दावण सात वर्षांपासून रिकामी.
मला ठाऊक होतं, ती घाटी कॅसेटमधली.
तरी मीही पायानं चप्पल चाचपू लागलो.